खोका रद्दीवाला नेतो, पार्सलच्या पिशव्यांचं काय?

अनगोळकरीण

ऑनलाइन खरेदीच्या पॅकिंगचा विषय निघाला की सगळे खोक्यावर तुटून पडतात. एवढीशी वस्तू, एवढा थोरला खोका, त्याचा फोटो आणि खाली हसणारे चेहरे. मला खोक्याचा तितका राग येत नाही. मोडून, सपाट करून गॅलरीत उभा केला की रद्दीवाला येतो, काट्यावर टाकतो, पैसे देऊन घेऊन जातो. पैसे किती ते सोडा, पण त्या मालाला गिऱ्हाईक आहे.

माझं दुखणं उरलेल्या पसाऱ्याचं आहे. बाहेरून पांढरी किंवा राखाडी, आतून काळी अशी ती चिवट पिशवी, जिची कड एकदा चिकटली की कात्रीशिवाय सुटत नाही. बाहेरून खाकी कागद आणि आतून फुग्यांचं अस्तर असलेलं पाकीट. कागदात टाकावं तर प्लास्टिक, प्लास्टिकात टाकावं तर कागद. हवा भरलेल्या त्या उशा. साधी कुर्ती मागवली तर तिची स्वतःची पारदर्शक पिशवी, तिच्यावर विकणाऱ्याची पिशवी, तिच्यावर कुरिअरची पिशवी आणि बिल ठेवायला वर चिकटवलेली आणखी एक खिडकीवाली पिशवी. हा सगळा गठ्ठा रद्दीवाल्यापुढे धरला तर त्याने हातसुद्धा लावला नाही. "वैनी, हे गाडीत टाका."

गाडीत म्हणजे आमच्या बेळगाव महापालिकेच्या कचरागाडीत, सुक्या कचऱ्यात. तिथून तुरमुरीच्या कचरा डेपोला. त्या डेपोबद्दल तुरमुरीच्या लोकांना काय वाटतं ते त्यांनाच विचारा. आणि जे गाडीपर्यंत पोचत नाही ते मोकळ्या प्लॉटात, संध्याकाळच्या शेकोटीत, नाहीतर बळ्ळारी नाल्यात. पावसाळ्यात नाला तुंबला की शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात पाणी शिरतं आणि भात कुजतं. सगळा दोष पार्सलांचा नाही, गाळ आहे, जलपर्णी आहे, अतिक्रमणं आहेत. पण नाल्याच्या काठाने चालून बघा, काय काय अडकलेलं असतं ते.

तर विचारायचं एवढंच: तुम्ही या पिशव्यांचं काय करता? कुणी घेतं का? इथे विकणारी मंडळी असतील तर त्यांनी सांगावं की एवढं गुंडाळावं का लागतं.

सीमाप्रश्न, नावाचा प्रश्न, पाट्यांचा प्रश्न यांना दुसरे धागे आहेत. इथे नको, ही विनंती.

शनिवार_खुंटावरचा

शीर्षकात खोका वाचून राजकीय धागा असेल म्हणून पळत आलो. निराशा झाली. हलकेच घ्या.

निपाणीकर_आप्पा

ताई, आमच्याकडं खोकी टाकतंय कोण! एका खोक्यात कांदा-बटाटा, एकात मांजरीची पिल्लं, एकात पोरांची जुनी पुस्तकं. बायको म्हणती घरात मानसं कमी आन् खोकी जास्त झाल्यात. पिशव्यांचं मात्र खरं हाय. गल्लीत चुलीवर पाणी तापवायला पेटवण म्हणून वापरायलेत लोक. वास असला येतोय की दारं लावून बसावं लागतंय. सांगायला जावं तर म्हणत्यात, मग तुम्हीच ठेवा की तुमच्या घरात.

पुठ्ठ्यातला_माणूस

उद्यमबाग आणि मच्छे इथल्या कारखान्यांना लागणारे खोके बनवण्याच्या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद तेवढा वाचा.

खोका म्हणजे दोन सपाट कागदांच्या मध्ये लाटा पाडलेला कागद चिकटवलेला. हा झाला तीन पदरी. त्याला आणखी एक लाट आणि एक सपाट जोडला की पाच पदरी. खोक्याचा जोर सगळा त्या उभ्या लाटांत आणि चार कोपऱ्यांत असतो. गोदामात, गाडीत एकावर एक थप्पी लागते. आतला माल खोक्याच्या टोकापर्यंत पोचलेला नसेल तर वरचं वजन एकटा खोका झेलतो आणि बसतो. म्हणून मोकळी जागा कागदाने नाहीतर हवेच्या उशांनी भरतात. एकदा खोका मोठा निवडला की भरण आलंच.

मग मोठा निवडतात कशाला? मोठ्या कंपनीच्या गोदामात हजारो वस्तू असतात आणि खोक्यांची मापं ठरावीक. कोणत्या वस्तूला कोणतं माप ते कॉम्प्युटर सांगतो. वस्तूची लांबी-रुंदी भरताना कुणी अंदाजे भरली असेल, किंवा ते माप संपलं असेल, तर पोरगा हाताला येईल तो खोका उचलतो. त्याच्यापुढे रांग उभी असते, तो तरी काय करणार. यात उधळपट्टीची हौस कुणाला नसते.

आता गंमत बघा. कुरिअरवाले नुसत्या काट्यावरच्या वजनाचे पैसे घेत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. येईल ते घनफळी वजन. प्रत्यक्ष वजन आणि हे, यांत जे जास्त त्याचे पैसे. ३० बाय २० बाय १५ चा खोका घेतला तर गुणाकार ९०००, भागून १.८ किलो. आत २०० ग्रॅमची वस्तू असली तरी भाडं पावणेदोन किलोच्या वर. हा हिशोब लहान विकणाऱ्याच्या खिशाला थेट बसतो. त्यावर त्याला सापडलेला सोपा उपाय म्हणजे पिशवी. पिशवी अंगाला चिकटून बसते, जागा खात नाही, वजन नगण्य, पाऊस लागत नाही आणि खोक्यापेक्षा स्वस्त.

म्हणजे अनगोळकरीण म्हणतात तेच. आपण खोक्यावर जितके ओरडतो तितका माल पिशवीत जातो. फोटोत पिशवी आटोपशीर दिसते, म्हणून तिच्यावर कुणी ओरडत नाही.

कुंदा_आणि_फक्त_कुंदा

पुठ्ठेवाले, उत्तम प्रतिसाद. त्यात माझी एक भर.

१ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर बंदी आली. कानात घालायच्या प्लास्टिकच्या काड्या, स्ट्रॉ, थर्माकोलची ताटं वगैरे. त्या यादीत मिठाईच्या पेटीवर गुंडाळायची पातळ फिल्मसुद्धा आहे. म्हणजे कुंद्याच्या पेटीवर ती फिल्म लावली तर दुकानदार गुन्हेगार. पण तीच पेटी पुण्याच्या मावशीला पाठवताना तिच्यावर चार वेढे फुग्यांचं प्लास्टिक गुंडाळलं तर चालतंय, कारण फुग्यांचं प्लास्टिक यादीत नाही.

थर्माकोलचंही तेच. सजावटीचं थर्माकोल बंद. गणपतीच्या मखराला चालणार नाही. टीव्हीच्या खोक्यात मखराएवढंच थर्माकोल येतं, ते चालतं. आमच्या मंडळाचा एक पोरगा गेल्या वर्षी टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल रंगवून मखराला लावूया म्हणत होता. आता ते कायदेशीर की बेकायदेशीर, यावर मंडळात एक बैठक झाली. निर्णय अजून झालेला नाही.

अनगोळकरीण

:) बैठकीत चहा झाला ना, मग पुरे.

खानापूर_कोर्टासमोर

कुंदा, यादीबद्दल बरोबर लिहिलंत. त्यात थोडं कायद्याचं जोडतो. सल्ला म्हणून घेऊ नका, फुकट आहे.

लोकांना वाटतं की १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक सगळंच बंद आहे. तसं नाही. १२० ची अट कॅरीबॅगची आहे, ३१ डिसेंबर २०२२ पासूनची. त्याआधी ३० सप्टेंबर २०२१ पासून ती ७५ होती. माल गुंडाळायच्या प्लास्टिकला २०१६ च्या केंद्राच्या नियमांत किमान ५० मायक्रॉन सांगितलंय, आणि तिथेही जाडीमुळे कामाला अडचण येत असेल तर सूट आहे. आपल्याकडे कर्नाटकात २०१६ च्या मार्चमध्ये बंदी आली, पलीकडे महाराष्ट्रात २०१८ मध्ये. बाजारातल्या भाजीवालीची पिशवी दोन्हीकडे पकडली जाते. पार्सलची पिशवी दोन्हीकडे दारात येऊन पडते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. जो प्लास्टिकचं वेष्टन बाजारात आणतो त्यानेच तेवढं परत गोळा करून त्याची विल्हेवाट लावायची, अशी सक्ती. त्यात ऑनलाइन बाजारपेठा नाव घेऊन धरल्या आहेत. २०२१-२२ ला २५ टक्के, पुढच्या वर्षी ७० आणि २०२३-२४ पासून १०० टक्के. कागदावर बघितलं तर फार चांगलं. पण दोन बारीक गोष्टी आहेत. एक, सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ब्रँडवाले म्हणून यातून वगळलंय. दुसरं, गोळा करायचं म्हणजे तुमच्या अनगोळच्या दारातून नेलंच पाहिजे असं नाही. देशात कुठेही तेवढ्या वजनाचं त्याच प्रकारचं प्लास्टिक प्रक्रियेला गेल्याचं प्रमाणपत्र मिळालं की हिशोब जुळतो. हिशोब जुळला तरी नाला तुंबायचा तो तुंबतोच.

जाता जाता, मोठ्या कंपन्यांविरुद्ध हरित लवादात जाणारा कुणी मोठा वकील नव्हता. २०१९ मध्ये एक शाळकरी मुलगा गेला होता. नंतर अ‍ॅमेझॉनने २०२० मध्ये आणि फ्लिपकार्टने २०२१ मध्ये आपापल्या गोदामांतल्या पॅकिंगमधून एकदा वापरायचं प्लास्टिक काढल्याचं जाहीर केलं. यातला 'आपापल्या गोदामांतल्या' हा भाग नीट वाचा. जो विक्रेता स्वतःच्या घरून, दुकानातून माल भरून पाठवतो तो त्यात येत नाही.

चंदगडी_माणूस

धागा वाचतोय आणि जरा रागही येतोय. बेळगावात खडेबाजार हाय, गणपत गल्ली हाय, पाय मोकळे करायला गेलं तरी वस्तू मिळतीया. आम्ही काय करायचं? मिक्सरचं भांडं गेलं, पोराचं परीक्षेचं पुस्तक पाहिजे, आईच्या गुडघ्याचा पट्टा पाहिजे, तर एक दिवस मोडून बेळगावला या आन् तिथं नसलं तर हात हलवत परत जा. ऑनलाइन आल्यापासनं हे सुख झालंय. आता पिशवीवरून आम्हाला बोलूलासा काय?

आणि पार्सल किती फिरतंय त्ये बघा. बेळगावच्या दुकानदाराकडनं मागवलेली वस्तू. मोबाइलवर बघतोय तर पार्सल कोल्हापूरला! तिथनं परत उलटी चंदगडला. पिनकोड महाराष्ट्राचा, मग रस्ता महाराष्ट्राचा. सरळ आली असती तर शिनोळीवरून तासा-दीड तासात पोचली असती. एवढं आपटत, चढत-उतरत यायचं तर पॅकिंग दणकट पाहिजेच की.

अनगोळकरीण

चंदगडी दादा, मागवू नका असं मी कुठेच म्हटलेलं नाही. मीही मागवते. तुमचा फिरण्याचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे. माल जितक्या वेळा एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जातो तितकं वेष्टन वाढतं. त्याचा खर्च मागवणाऱ्याला दिसत नाही, कचरा मात्र त्याच्याच दारात.

शनिवार_खुंटावरचा

प्रतिसाद काढून टाकला आहे.

संपादक

वरचा प्रतिसाद लेखकाने स्वतःच काढला आहे, आम्ही नाही. पिनकोडावरून सीमाप्रश्नावर जाण्याची त्यांची कल्पना कौतुकास्पद होती.

पायताणवाला

विकणाऱ्यांनी लिहावं म्हणालात, म्हणून लिहितो. आमच्या घरात कोल्हापुरी पायताणं करायचा धंदा वाडवडलांपासून आहे, अथणी तालुक्यात. २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांना, त्यात बेळगाव आहे. नाव कोल्हापूरचं असलं तरी आमचाही हक्क आहे त्यावर.

पूर्वी माल कसा जायचा ते आधी सांगतो. जोड तळव्याला तळवा लावून, डझनाडझनाचे सुतळीने बांधलेले गठ्ठे, वरून तरट शिवलेलं. बसच्या टपावर टाकायचे, पलीकडे व्यापाऱ्याचा माणूस उतरवून घ्यायचा. तरट तो परत पाठवायचा, नाही पाठवलं तर पुढच्या हिशोबात कापायचा. एका जोडीला वेगळं वेष्टन कधी नव्हतंच.

आता एकेक जोड एकेका घरात जातो. कुणी गुवाहाटीला, कुणी कोचीला. पॅकिंग कसं करायचं याचे नियम ज्याच्या साइटवर विकतो तो देतो. आतली पिशवी, वर बारकोड, बाहेरची पिशवी, वर लेबल. माल ओला झाला, घासला, पिशवी फाटली अशी तक्रार आली की पैसे आमचे कापतात. मग कुठला कारागीर पॅकिंगमध्ये हात आखडता घेईल? दोन रुपयांची पिशवी वाचवायला जाऊन जोडच हातचा जायचा.

कातड्याला तर प्लास्टिक सोसतच नाही. आमचं कातडं झाडपाल्याच्या कसावर कमावलेलं, त्याला हवा लागते. पावसाळ्यात बंद पिशवीत चार-पाच दिवस राहिलं की घाम धरतं आणि तळव्याच्या कडेने पांढरी बुरशी येते. गिऱ्हाईक म्हणतं जुना माल पाठवला. बुरशी येऊ नये म्हणून मग आत ते सिलिकाचे दाण्यांचे पुडे टाकायचे. म्हणजे प्लास्टिकमुळे होणाऱ्या त्रासावर आणखी एक पुडी. वेडेपणा आहे, पण रोज करतो.

सगळ्यात जास्त नासाडी कुठे होते सांगू? परत येणाऱ्या मालात. माप बसलं नाही, रंग फोटोसारखा नाही, किंवा पैसे दारात द्यायचे होते आणि घरात कुणीच नव्हतं. माल परत आला की पिशवी फाटलेली, आतलं कव्हर उघडलेलं. सगळं काढून नवीन घालायचं. एका विक्रीला दोनदा, कधी तीनदा वेष्टन जातं. ज्याला शेवटी माल मिळाला त्याला एकच पिशवी दिसते. बाकीच्या माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये आहेत.

त्यावर आम्ही एक केलं, ते चाललं. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर देणाऱ्याला सांगतो, कोऱ्या कागदावर पाय ठेवा, उभं राहून, बसून नाही. पेन्सिल सरळ धरून भोवती रेघ मारा. शेजारी मोजपट्टी ठेवा आणि वरून फोटो काढा. अंगठा मोठा की शेजारचं बोट मोठं तेही त्यात दिसतं. नंबर आठ म्हणजे आठ असं कोल्हापुरीत नसतं, नवीन पायताण सुरवातीला आवळ असतं, मग पायाच्या आकाराला येतं. हे आधी सांगितलं की माल परत यायचं पुष्कळ कमी झालं. मोठ्या साइटवर मात्र हे करता येत नाही, तिथे गिऱ्हाइकाशी बोलायलाच मिळत नाही.

कुंदा_आणि_फक्त_कुंदा

पायताणवाले काका, हा प्रतिसाद म्हणजे वेगळा लेख व्हायला पाहिजे. दंडवत.

पुठ्ठ्यातला_माणूस

पायताणाला तीन पदरी खोका, बाजूला दोन भोकं आणि आत साधा कागद, असं का नाही करत? कातड्याला हवाही लागेल.

पायताणवाला

करून बघितलं. उन्हाळ्यात झकास. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नाही. आंबोलीकडच्या पावसात उघड्या टेम्पोतून गेलेला खोका मऊ पडतो, तळ सुटतो. शिवाय तुम्हीच सांगितलेलं ते घनफळी वजन. आम्ही आता मऊ सुती पिशवीत जोड घालतो आणि लोकांना ती चपलांसाठी पुढे वापरता येते. बाहेरची पिशवी मात्र अजून प्लास्टिकचीच आहे, ते खरं.

मलप्रभेकाठी

माहेर निपाणी, सासर खानापूर. आमच्या खानापुरात मातीच्या कामाची मोठी परंपरा आहे, खादी आयोगाची कुंभारकामाची संस्थाही इथेच आहे. कौलं, माठ, कुंड्या सगळं भाताच्या पिंजरात, म्हणजे पेंढ्यात, घालून जायचं. गाडीत खाली पिंजर, मधे पिंजर, वर पिंजर. पलीकडे पोचलं की तेच गुरांपुढे टाकायचं. कचरा म्हणून काही उरायचंच नाही. आज एक मातीचा तवा मागवा, फुग्यांच्या प्लास्टिकची अख्खी गादी येते.

परत पिंजर का नाही वापरत?

निपाणीकर_आप्पा

वैनी, पिंजर ओलं झालं की कुजतंय, अळ्या व्हत्यात, उंदीर येत्यात. बैलगाडीतनं दोन दिवसात जायचं तवा ठीक हुतं. आता गोदामात पंधरा दिवस पडून ऱ्हातंय पार्सल. आन् पिंजर आता राहतंय कुठं? मशीननं कापणी झाली की निम्मं शेतातच जातंय. उगंच जुनं ते सोनं म्हणू नका.

मलप्रभेकाठी

आप्पा, सोनं म्हणाले नाही हो, पिंजर म्हणाले. :) पण मुद्दा मान्य. कापलेल्या कागदाच्या पट्ट्या तरी घालता येतील की नाही? आमच्या इथल्या एका कुंभारणीकडून मी थेट घेते तेव्हा ती जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून देते. आजवर एक फुटलेलं नाही.

टिळकवाडी_ते_टेक्सास

एक वेगळी बाजू. दुकानातून आणलेल्या वस्तूला पॅकिंग नसतं का? ते दुकानात राहतं म्हणून आपल्याला दिसत नाही इतकंच. रविवार पेठेत सकाळी जाऊन बघा, खोक्यांचे ढीग असतात.

पुठ्ठ्यातला_माणूस

असतात की, पण फरक आहे. दुकानाच्या एका खोक्यात चोवीस साबण येतात. तेच साबण चोवीस घरांत पार्सलने गेले तर चोवीस वेष्टनं. आणि रविवार पेठेतले खोके त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत उचलले जातात, कारण एका जागी भरपूर, कोरडे आणि एकाच प्रकारचे मिळतात. रद्दीच्या धंद्यात एका जागी भरपूर मिळणं यालाच किंमत. घराघरांतून एकेक गोळा करायला गेलं तर रिक्षाचं पेट्रोलसुद्धा सुटत नाही.

कागदही काही धुतल्या तांदळासारखा नाही. तोच तोच कागद पाच-सात फेऱ्यांत दमतो, तंतू आखूड होतात, मग नवा लगदा मिसळावाच लागतो. आपल्याकडच्या खाकी कागदाच्या गिरण्या परदेशातून जुने खोके आयात करतात, कारण तिकडच्या खोक्यात लाकडाचे लांब तंतू जास्त. तेव्हा तुमचा कोरडा खोका गाडीत टाकू नका, रद्दीतच द्या.

अनगोळकरीण

अजून एक गोष्ट विसरतो आपण. एकाच वेळी मागवलेल्या तीन वस्तू तीन दिवशी तीन पार्सलांत येतात. काही साइटवर 'सगळं एकदम पाठवा' असा पर्याय असतो, बारीक अक्षरात. दोन दिवस उशिरा आलं तर आपलं काय बिघडतं? मी तो निवडते. सगळीकडे नाही मिळत.

भंगारचं_पोरगं

माझ्या वडलांचं शहापुरात भंगाराचं दुकान. कॉलेजला जातो आणि संध्याकाळी काट्यावर बसतो. तुमचा धागा कुणीतरी पाठवला. आम्ही काय घेतो, काय नाही ते सांगतो म्हणजे तुमच्या शंका मिटतील.

खोका घेतो. कोरडा पाहिजे. ओला खोका आणला तर वजनात कापतो आणि लोक भांडतात. ओला खोका लबाडीने जड होतो आणि गठ्ठ्यात ठेवला तर शेजारचे पण कुजवतो, म्हणून कापतो. वरची चिकटपट्टी काढून आणली तर बरं, पण तेवढ्यासाठी परत पाठवत नाही.

दुधाच्या पिशव्या घेतो, धुतलेल्या. ते प्लास्टिक एकाच जातीचं असतं. फुग्यांचं प्लास्टिकही त्याच जातीचं असतं खरं, पण एक किलो व्हायला कितीतरी लागतं आणि तोवर अर्धं दुकान भरतं. फुगे फोडून, दाबून पोत्यात भरून आणलं तर घेतो. थर्माकोल कुणी फुकट दिलं तरी नको. दुकान भरतं आणि काटा हलत नाही.

तुमची ती राखाडी पिशवी. तिला आम्ही का नको म्हणतो ते ऐका. तिच्यावर कागदाचं लेबल चिकटलेलं, वर पारदर्शक टेप, कडेला डिंकाची पट्टी, आत बिलाची दुसरी पिशवी. वितळवताना कागद जळून काळे ठिपके पडतात, डिंक घाण करतो. पुढचा व्यापारी एक असला गठ्ठा सापडला की अख्ख्या पोत्याचा भाव पाडतो. पण लेबलाचा चौकोन आणि डिंकाची कड कात्रीने कापून उरलेली स्वच्छ पिशवी आणली तर आम्हाला चालते. पैसे फार नाही मिळणार, आधीच सांगतो.

खानापूर_कोर्टासमोर

हे उत्तम. त्या कापलेल्या लेबलाबद्दल एक: त्यावर तुमचं नाव, घराचा पत्ता, कधीकधी फोन नंबर असतो. तसंच फेकू नका. बहुतेक लेबलं उष्णतेवर छापलेली असतात, शाई नसतेच. वर साधा कागद ठेवून गरम इस्त्री फिरवली की अख्खं लेबल काळं होतं. आमच्या ऑफिसात येणाऱ्या पाकिटांवर मी हेच करतो. प्लास्टिकच्या पिशवीवर असतानाच इस्त्री लावू नका, आधी कापून घ्या.

आणि हा कागद रद्दीत घालू नका, त्यावर रसायनाचा लेप असतो.

निपाणीकर_आप्पा

आता इस्त्री करायची पार्सलला! पोरगी म्हणती बाबा तुमच्या शर्टाला कधी केली न्हाई.

चंदगडी_माणूस

भंगारवाले भाऊ, आमच्याकडं आठवड्याला एकच भंगारवाला येतो, तो फक्त लोखंड आन् बाटल्या घेतो. मी पिशव्या साठवून बेळगावला येताना आणल्या तर चालतील काय? शेजारच्या चार घरांच्या पण आणीन.

भंगारचं_पोरगं

चालतील दादा. सुट्ट्या आणू नका, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात दाबून भरा. राखाडी पिशव्या एका पोत्यात, फुगे दुसऱ्यात. पावसात दुचाकीवरून आणू नका, पोतं ओलं झालं की परत वाळवत बसावं लागतं.

अनगोळकरीण

आणि ती कागद-अधिक-फुग्यांची पाकिटं? आतलं अस्तर ओढून काढलं तर निघतं, मी बघितलंय. कडेला जिथे डिंक लावलेला असतो तेवढं फाटतं, बाकी सोलून येतं.

भंगारचं_पोरगं

सोलून आणलंत तर खाकी कागद खोक्याच्या भावात घेतो आणि आतलं फुग्यांच्या पोत्यात टाका. जे सोलत नाही ते आणू नका ताई, ते आमच्याकडून पण गाडीतच जातं. रविवारी दुपारी दोननंतर या, सकाळी लोखंडवाल्यांची गर्दी असते.